परतीचे पाणी

माझे जावई चोर आहेत, ही गोष्ट मला गेल्या दिवाळीत समजली. मुलीच्या लग्नाला अठरा वर्षे झाली. माणूस निर्व्यसनी, मितभाषी, सासूला आणायला विमानतळावर तासभर आधी येऊन उभा राहणारा. त्यामुळे भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चकलीचा तुकडा मोडता मोडता, "आई, मी चोर आहे," असे त्यांनी सहज सांगितले, तेव्हा माझ्या हातातला चहा बशीत सांडला. "कुलपं उघडण्यात माझा हात धरणारा या मुलखात कुणी नाही," अशी पुस्तीही त्यांनी वर जोडली.

मी मुलीकडे पाहिले. ती खुशाल हसत होती. बारा वर्षांचा नातू म्हणाला, "आजी, बाबा चोर आहे, मी योद्धा आहे, आणि आज तू पण आमच्याबरोबर वाळवंटात येणार आहेस."

वाळवंटात जायला दिवस मोठा नामी निवडला होता! माझी मुलगी अमेरिकेत मिनिॲपोलिसला राहते. खिडकीबाहेर हंगामातले पहिले बर्फ भुरभुरत होते. दारावरचा आकाशकंदील डोक्यावर पांढरी टोपी घालून थंडीने कुडकुडत होता. आणि आम्ही तळघरातल्या मोठ्या टेबलाभोवती बसून तापलेल्या वाळूच्या गोष्टी करीत होतो.

या खेळाचे नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी तो १९७४ साली छापून काढला. पहिल्या खेपेला प्रती काढल्या होत्या अवघ्या हजार. त्यांतला आर्नेसन मिनिॲपोलिस आणि सेंट पॉल या जुळ्या शहरांतलाच. तेव्हा आम्ही बसलो होतो ते खेळाच्या माहेरीच म्हणायचे. या खेळाला पट लागतोच असे नाही. एकजण सूत्रधार होतो आणि बाकीचे पात्रे होतात. सूत्रधार सांगतो, "तुमच्यापुढे एक बंद दार आहे." पात्राने सांगायचे, "मी ते ढकलतो." दार उघडेल की नाही याचा निकाल फासा देतो, आणि तोही कसला? वीस बाजूंचा! फाशांचे आणि आपल्या लोकांचे फारसे सख्य नाही. धर्मराजाने त्यांच्या पायी राज्य घालवले, हे ऐकत आपण लहानाचे मोठे झालो. पण इथे जिंकणारा कुणी नाही आणि हरणाराही कुणी नाही. सगळ्यांनी मिळून एक गोष्ट रचायची, इतकेच. आपल्याकडे लहानपणी बाहुला-बाहुलीचे लग्न लावतात, त्याचेच हे विलायती आणि हिशेबी भावंड.

सूत्रधार होती माझी थोरली नात. वय सोळा, नाकावर चष्मा, पुढ्यात पुठ्ठ्याचा आडोसा आणि त्यामागे तिची गुपिते. नातू योद्धा, जावई चोर, आणि शेजारचा एक लाल केसांचा अमेरिकन मुलगा मांत्रिक. या मंडळीत एक पुरोहितही होता म्हणे. पण ती भूमिका करणारा मुलगा तापाने घरी झोपला होता. त्याची रिकामी खुर्ची मला मिळाली.

"तू कोण होणार, आजी?" नातीने विचारले.

"मी म्हातारीच होते," मी म्हटले. "निदान पाठांतर लागायचं नाही."

मग मला घडवण्याचा विधी झाला. चार साधे फासे टाकायचे, त्यांतला सर्वांत लहान आकडा सोडून द्यायचा, उरलेल्या तिघांची बेरीज म्हणजे तुमचा एक गुण. फार तर अठरा. माझी शक्ती आली सहा. शहाणपण मात्र सोळा आले, तेव्हा जावई म्हणाले, "फासे अगदी प्रामाणिक आहेत." त्यांनी मला वाटाडी केले. नाव विचारले तेव्हा माझ्या तोंडून माझ्या स्वतःच्या आजीचे नाव निघून गेले. का, कुणास ठाऊक! ते त्या लालकेशाला काही उच्चारता येईना. शेवटी तोही मला 'आजी'च म्हणू लागला.

नातीने तपकिरी कागदावर काढलेला नकाशा उलगडला. एका कोपऱ्यात वेशीचे गाव, मध्ये सहा दिवसांची वाळू आणि पलीकडे एका नगराचे भग्नावशेष. वाळवंटातले पडके नगर ही या खेळातली जुनी, मळलेली वाट आहे. ट्रेसी आणि लॉरा हिकमन या दांपत्याची अशीच एक वाळवंटी मोहीम १९८२ साली पुस्तकरूपाने निघाली. तिच्यातला मेलेला फेरो स्वतःच वाटसरूंची विनवणी करतो, की बाबांनो, माझे थडगे लुटा, त्याशिवाय मला गती नाही! नातीच्या नगरात फेरो नव्हता. तिथे एक विहीर होती. ती आटली, लोक निघून गेले आणि मागे वाळू राहायला आली, एवढेच तिने सांगितले. ऐकताना मला उगीचच कुठेतरी टोचले.

मोहिमेचा पहिला अंक बाजारात घडतो. आमच्या थैलीत सोन्याची नव्वद नाणी होती. वीर खरेदीला लागले. पन्नास हात दोर, मशाली, तेल, आणि जमिनीतले छुपे खड्डे चाचपायला एक दहा फुटी काठी. ही काठी म्हणे या खेळातल्या वीरांची जुनी मैत्रीण. माझ्या नातवाजवळ तर एक मंतरलेली तलवार होती. वर्षभर दर शनिवारी खेळून त्याने ती मिळवली होती. तिचे चित्र त्याने स्वतः काढून आपल्या पात्राच्या कागदाला चिकटवले होते.

"पाणी किती घेतलंत?" मी विचारले.

सगळे एकमेकांकडे पाहू लागले. "प्रत्येकी एक मसक," नातू म्हणाला.

मी पस्तीस वर्षे शाळेत भूगोल शिकवला आहे, आणि मी बीड जिल्ह्यातली आहे. या दोन गोष्टींपैकी कुठली माझ्या अंगात संचारली ते सांगता यायचे नाही. पण मी नियमांचे पुस्तक मागितले. ही खेळाची पाचवी आवृत्ती, २०१४ साली निघालेली. राक्षस आणि चेटकिणी यांच्या त्या बाडात पाण्याचा हिशेब इतका चोख दिलेला पाहून मला त्या लेखकांविषयी एकदम आदर वाटला. माणशी रोज एक गॅलन पाणी. हवा तापलेली असेल तर दोन, म्हणजे साधारण साडेसात लिटर. एका मसकेत मावते अर्धा गॅलन आणि भरलेल्या मसकेचे वजन पाच पौंड. अर्धेच पाणी मिळाले तर फासा टाकून नशीब अजमावायचे. त्याहूनही कमी मिळाले तर फासासुद्धा वाचवीत नाही. दमणुकीची एक पायरी चढलीच. अशा सहा पायऱ्या. सहावी म्हणजे मृत्यू.

"तापलेल्या वाळूत माणशी रोज चार मसका," मी म्हटले. "चार माणसं, सहा दिवस. करा गुणाकार."

शहाण्णव मसका. वजन चारशे ऐंशी पौंड. लालकेशाने घाईघाईने पाने उलटली आणि तो ओरडलाच. उंटाची वाहण्याची मर्यादा पुस्तकात नेमकी चारशे ऐंशी पौंड दिली होती! किंमत पन्नास नाणी. एक उंट घेतला की काम झाले. टाळ्या पडल्या. जावयांनी मला एक शंकरपाळा बक्षीस दिला.

"आणि परत येताना?" मी विचारले.

टाळ्या थांबल्या. सूत्रधारबाई आडोशामागून माझ्याकडे पाहत होत्या. ज्या नगराची विहीर आटली म्हणून ते ओस पडले, तिथे पाणी मिळेल अशी आशा कुणी करावी?

मग मी त्यांना स्वेन हेडिनची गोष्ट सांगितली. वर्गात ही गोष्ट मी दर वर्षी सांगत असे. १८९५ साली हा स्वीडिश प्रवासी चार माणसे आणि आठ उंट घेऊन तक्लामकानच्या वाळवंटात शिरला. शेवटच्या तळ्यावर पुरेसे पाणी भरून घ्यायचा त्याचा हुकूम होता. माणसांनी टाक्या अर्ध्यामुर्ध्याच भरल्या. हे समजले तेव्हा मागे वळण्याजोगे अंतर राहिले नव्हते. दोन माणसे गेली, एक सोडून सगळे उंट गेले. हेडिन रांगत रांगत खोतान नदीच्या कोरड्या पात्रात पोहोचला. तिथे एक डबके सापडले. तो पोटभर प्याला, आणि मग आपल्या पायांतले बूट काढून त्यांत पाणी भरून, मागे पडलेल्या कासिम नावाच्या सोबत्याकडे परत चालत गेला. कासिम वाचला.

"बुटातलं पाणी!" नातू म्हणाला. त्याच्या तोंडावर किळस आणि कौतुक दोन्ही होते.

"ऑरेल स्टाइन हुशार निघाला," मी पुढे म्हटले. "१९०६च्या डिसेंबरात तो लौलानचे अवशेष बघायला निघाला, तेव्हा त्याने पाण्याऐवजी बर्फच पोत्यांत भरून जनावरांवर लादलं. सांडायला नको, गळायला नको."

लालकेशाने खिडकीबाहेर पाहिले आणि बर्फ न्यायचा प्रस्ताव मांडला. सूत्रधारबाईंनी आपल्या वाळवंटात वैशाख चालू असल्याचे जाहीर केले.

आता कागद-पेन्सिली निघाल्या. जाऊन येऊन बारा दिवस, म्हणजे पाणी नऊशे साठ पौंड. उंटाने उचलायचे त्याच्या अर्धे. उरलेले आमच्या खांद्यांवर. शक्तीच्या आकड्याला पंधराने गुणले की त्या माणसाला किती पौंड ओझे उचलते ते निघते. योद्धा दोनशे चाळीस, चोर दीडशे, मांत्रिक एकशेवीस. माझी शक्ती सहा, म्हणून मी नव्वद. एका वाटेचे माझ्या वाट्याचे पाणीच होते एकशेवीस पौंडांचे. माझे पाणी मलाच उचलवत नव्हते. पाणी धरून अन्न आणि योद्ध्याचे चिलखत मांडले की गाडी अडत होती. एक उंट आणि मसका घेतल्यावर थैलीत दुसऱ्या उंटाचे पैसे उरत नव्हते. पुरोहित असता तर आपल्या पहिल्याच पायरीच्या मंत्राने त्याने दहा गॅलन पाणी काढून दिले असते. पण पुरोहित तापाने झोपला होता. जावयांनी उंट चोरण्याची तयारी दाखवली. फासा टाकला, एक आला, आणि ते कोतवालाच्या तडाख्यातून कसेबसे सुटले.

लालकेशा बराच वेळ बेरीज-वजाबाकी करीत होता. गणितात तो फार हुशार आहे. मग निरागसपणे, एखादे उदाहरण सुटल्याच्या आनंदात तो म्हणाला, "आजी गावातच थांबली तर सगळं जमतं. दोनशे चाळीस पौंड पाणी कमी लागतं."

त्याचे गणित बरोबर होते. मी ताळा करून पाहिला. आणि मग माझ्या तोंडून जे वाक्य निघाले ते मी योजलेले नव्हते. मी म्हटले, "बरोबर आहे. मी इथंच राहते. घराला कुणीतरी हवं."

हे वाक्य माझे नव्हे.

१९७२ साली मी चौदा वर्षांची होते. आदल्या वर्षी पाऊस रुसला होता, बाहत्तरला तो तोंड दाखवून गेला. तो दुष्काळ पाहिलेल्यांना त्याचे वर्णन नको असते आणि न पाहिलेल्यांना ते खरे वाटत नाही. अमेरिकेची आणि माझी पहिली ओळख त्याच वर्षी झाली. तिकडून आलेल्या तांबड्या मिलोची भाकरी आम्ही खाल्ली. ती चावता चावता जबडा दुखे. घरात आम्ही सहा माणसे: आण्णा, आई, आम्ही तीन भावंडे आणि आजी. आडातून दिवसाकाठी दोन हंडे पाणी पाझरे. वीस मैलांवर पाझर तलावाचे दुष्काळी काम निघाले होते. तिथे मजुरी होती, सुकडी मिळत होती, टँकर येत होता. बैल आधीच विकले होते. वीस मैल चालतच जायचे होते.

निघायच्या आदल्या रात्री मी जागी होते. आण्णा अंधारात आईला हळूच म्हणाले, "आईला पाठीवर घेतलं, तर हंडा कुणी घ्यावा?" माझी आई काही बोलली नाही. थोड्या वेळाने आण्णांनीच पुन्हा तेच विचारले, जणू दुसऱ्यांदा विचारले म्हणजे उत्तर बदलेल.

सकाळी गाठोडी बांधून झाली तशी आजी उंबऱ्यावर येऊन बसली. म्हणाली, "म्या हितंच ऱ्हाते. घराला कुणीतरी पायजे. आडाचं दोन हंडं मला एकटीला लई झालं." तिच्या आवाजात कुरकुर नव्हती. उलट आम्हीच तिला घरातून हलवायला निघालो आहोत, असा थोडा तोराच होता. म्हातारीचा घरावर जीव, असे सगळे म्हणाले. मीही पुष्कळ वर्षे तसेच म्हणत आले. पण त्या रात्री तिचे अंथरूण माझ्यापलीकडे, दाराजवळ होते. मला जे ऐकू आले ते तिलाही आलेच असणार. मुलाला जे बोलवत नव्हते, ते तिने त्याच्यावर बोलायची वेळच येऊ दिली नाही.

१९७३च्या पावसाळ्यात आम्ही परतलो. आजी होती. वाळून काडी झाली होती, पण होती. तिने पाहुण्यांना द्यावे तसे दारातच आम्हांला तांब्याभर पाणी दिले. त्यानंतर ती आणखी आठ वर्षे जगली. त्या आठ वर्षांत आण्णा तिच्याआधी कधी पाणी प्याले नाहीत. शेतातून घामाघूम होऊन आले तरी आधी तांब्या तिच्यापुढे करीत. ती दोन घोट घेई, मग ते घेत. या गोष्टीविषयी आमच्या घरात कधी कुणी अक्षर काढले नाही.

हे सगळे मनात यायला काही वेळ लागत नाही. टेबलाभोवती नुसती क्षणभर शांतता होती. मग नातू माझ्याकडे वळला. त्याच्या कपाळाला आठी पडली होती.

"पण आजी," तो म्हणाला, "तुझं घर त्या गावात कुठं आहे?"

मला उत्तर सुचेना. खरेच, त्या वेशीच्या गावात माझे घर नव्हते. तिथे माझे कुणीच नव्हते. माझी माणसे वाळवंटात निघाली होती.

नातवाने आपला कागद पुढ्यात ओढला. चिकटवलेल्या तलवारीच्या चित्रावर त्याने एकदा बोट फिरवले. मग बहिणीला म्हणाला, "मी तलवार विकतो. लोहाराकडे जातो."

"वेडा आहेस का?" लालकेशा किंचाळला. "वर्षभर खेळलास तिच्यासाठी!"

"मला साधी तलवार चालते," नातू म्हणाला. त्याचा आवाज थोडा कापरा होता, हे मी ऐकले.

सूत्रधारबाईंनी लोहाराचा आवाज काढून घासाघीस केली. चांगली पाचशेची तलवार, पण दीडशेच्या वर एक नाणे द्यायला लोहार तयार होईना. अडलेल्या माणसाला दुकानदार पुरी किंमत देत नाही, हे सोळा वर्षांच्या पोरीला कुणी शिकवले असेल? दीडशेत दुसरा उंट आला. नातवाने चित्र हलक्या हाताने सोडवले, फाटू न देता, आणि खिशात ठेवले.

त्या रात्री मुले झोपल्यावर मुलीने विचारले, "आई, मघाशी तू अशी का बसली होतीस?" ती जिन्यात उभी राहून सगळे पाहत होती. मी तिला आजीची गोष्ट सांगितली. पंचेचाळीस वर्षांच्या माझ्या लेकीला मी ती पहिल्यांदाच सांगत होते. सांगून झाल्यावर ती उठली, स्वयंपाकघरात गेली आणि तिने पेलाभर पाणी आणून माझ्यापुढे ठेवले. मी दोन घोट घेतले. मग उरलेले ती प्याली.

मी जानेवारीत पुण्याला परत आले. मोहीम अजून चालू आहे. तिकडे शनिवारचे रात्रीचे आठ वाजले की इकडे रविवारची सकाळ साडेसातची असते. मी देवपूजा आटोपून फोन समोर उभा करून बसते. पुरोहिताचा ताप केव्हाच उतरला. पण आता मंत्राने पाणी मिळते म्हणून मोजणे सोडायचे नाही, असा नियम नातवानेच घातला आहे. अभ्यास, परीक्षा, सुट्या यांमुळे खेळ पुढे सरकता सरकत नाही. इतक्या महिन्यांत आमचे चारच दिवस झाले. परवा वादळ येऊन गेले. जावयांनी एका बंद पेटीचे कुलूप उघडले, तर आत विंचू निघाला. भग्न नगर अजून दोन दिवसांच्या वाटेवर आहे.

पाणी आठ दिवसांचे शिल्लक आहे. दर रविवारी मी मसका मोजून घेते.